चुकून लागलेलं लग्न

पेपरात मालिकांबद्दल लिहिणाऱ्या बाईंना कचेरीत सगळे 'मालिकाबाई' म्हणत. त्यांची अडचण एकच होती. दोन गाजलेल्या मालिका नेमक्या एकाच वेळी लागत. म्हणून एक त्या स्वतः पाहत, आणि दुसरी सासूबाई शेजारच्या खोलीत बसून पाहत आणि नंतर सगळं सांगत.

एकदा जाहिराती लागल्या म्हणून सासूबाईंनी चॅनल बदललं आणि परत यायचं विसरल्या. शुक्रवारच्या सदरात एका मालिकेतल्या नर्सचं लग्न भलत्याच मालिकेतल्या वकिलाशी लागलं.

संपादकांनी बोलावून घेतलं. "बाई, हा नवरदेव आणलात कुठून? उद्या खुलासा द्या. आणखी एक चूक झाली, तर सदर बंद."

अकरा वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती. मालिकाबाई घरी खुलासा लिहायला बसल्या. समोर सासूबाई मटार सोलत होत्या.

"माझं नाव घाल त्यात," त्या म्हणाल्या.

"तुमचं कशाला, आई? सदराखाली सही माझी असते."

"बरं. पण मुलगा चांगला होता गं. तिच्या त्या रडक्या नवऱ्यापेक्षा कितीतरी बरा."

मालिकाबाईंना हसू फुटलं. त्यांनी लिहिलं, 'ते लग्न आमच्या चुकीनं लागलं, क्षमस्व. आमच्या सासूबाईंना मात्र ते अजूनही पसंत आहे.'

आठवडाभर पत्रं येत राहिली. चुकीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांना इतर जोड्यांबद्दल सासूबाईंचं मत हवं होतं. संपादकांनी सदराची जागा वाढवली. सासूबाई मात्र जाहिराती लागल्या की रिमोट उशीखाली ठेवू लागल्या.