ताईची डीव्हीडी

दुकानात कोऱ्या डीव्हीडी सगळ्या सारख्याच चकाकतात. कोणती टिकणार, हे दहा वर्षांनी कळतं. आईच्या एकसष्टीच्या चित्रीकरणाची कॉपी करायला मी पन्नासची स्वस्त चळत उचलली. ताईने मात्र चार दुकानं पालथी घालून डबीतली एकच घेतली. "डीव्हीडी घेतेस की जावई शोधतेस?" म्हणून मी तिला हसले होते.

माझी आता कुठल्याच मशीनवर चालत नाही. ताईची चालते. शेवटची सहा वर्षं आईचं सगळं मी केलं आणि तिचा आवाज राहिला ताईकडे, म्हणून माझा जळफळाट होतो.

"देईन कॉपी," ताई म्हणाली, "पण डिस्क मी आणणार हं."

पडद्यावर आई मलाच हाका मारत होती, "धाकटे, ये गं इकडे," आणि ते ऐकायला मी ताईच्या सोफ्यावर बसले होते.