अण्णांचा हात आणि एचडीआर

धूलकोटहून फोन आला तेव्हा मी कचेरीत होते, जेवणाची सुट्टी संपत आली होती. पलीकडचा माणूस पन्नाशीचा वाटत होता, पण बोलताना शाळकरी पोरासारखा अडखळत होता. “दीदी, मैं सर का पुराना स्टूडेंट बोल रहा हूँ.” त्याच्या वर्गातल्या पाच-सहा जणांनी मिळून शाळेतली एक जुनी खोली दुरुस्त करून घेतली होती. नवं छत, नवी फरशी, रंग. आता त्या खोलीत सरांचा फोटो लावायचा होता. “बस, एक अच्छा सा फोटो भेज दो. हाथ में चॉक हो तो बहुत ही अच्छा.”

सर म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील. धूलकोट गावच्या शाळेत त्यांनी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. सकाळी शहरातल्या लालबागच्या घरून निघायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचे तेव्हा सदऱ्याच्या बाह्या खडूनं पांढऱ्या झालेल्या असायच्या. माय बाह्या झटकायला लावायची, मगच घरात घ्यायची.

मी त्या माणसाला “भेजती हूँ” म्हणाले आणि घरी येऊन अल्बम काढला. अण्णांचा धड असा एकही फोटो सापडेना. कारण सरळ होतं. आमच्याकडे कॅमेरा नव्हता, मामाचा यायचा, आणि तो आला की अण्णांच्या हाती असायचा. फोटोंमध्ये माय होती, मी होते, धाकटा भाऊ होता, शेजारच्यांची म्हैससुद्धा होती. अण्णा मात्र एवढेच, की दोन-तीन फोटोंत खालच्या बाजूला जमिनीवर एक लांब सावली पडलेली, कोपरं वर उचललेली. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायचा, हा नियम ते पाळायचे, म्हणून स्वतःची सावली तेवढी फोटोत यायची. शहरातल्याच शनवारा भागातल्या स्टुडिओत काढलेला एक फोटो होता, मी सहा वर्षांची असतानाचा. त्यात नेमके अण्णांचे डोळे मिटलेले.

तेव्हा फोटो आताच काढायचा असं ठरलं. माझ्याकडे नवा फोन होता, मुलीनं घेऊन दिलेला. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

लग्नानंतर मी शनवाऱ्यात राहते, पण रविवारी लालबागला जाते, हा नेम कधी चुकला नाही. त्या रविवारी अण्णांना ओट्यावर खुर्चीत बसवलं. मागं गल्ली, उन्हानं लख्ख. ओट्यावर पत्र्याची सावली. मी बटण दाबलं आणि बघते तर फोटोत भलतंच कोणी बसलेलं. चेहरा गुळगुळीत, राखाडी, सुरकुत्या पुसून टाकल्यासारखा. डोक्याभोवती पांढरी कड, देवाच्या तसबिरीत असते तशी. आणि मांडीवरचा उजवा हात एक नव्हता. बोटं तिथं, बोटं इथं, मधे धुरासारखं काहीतरी.

अण्णांनी फोन हातात घेतला, चष्मा सरकवला. “हा कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच की.”

“मी असा? मग माझ्या तोंडावरचं वय कुठं गेलं?”

मग त्यांची नजर हातावर गेली. त्यांनी फोन मला परत दिला आणि शाल ओढून उजवा हात तिच्याखाली घेतला. “हात नको घेऊ फोटोत,” म्हणाले.

दोन-तीन वर्षं झाली, अण्णांचा उजवा हात थरथरतो. औषध चालू आहे, पण फार फरक नाही. आधी पेन सुटलं, मग सही. बँकेत सही जुळेना म्हणून दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा अंगठा घेतला. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी अंगठ्याची शाई साबणानं घासघासून धुतली. माय म्हणाली, “राहू द्या ना, जाईल आपोआप.” ते घासतच राहिले. तेव्हापासून कोणी आलं की हात शालीखाली जातो, मग उन्हाळा असला तरी.

आणि हा तोच हात, ज्यानं ते फळ्यावर खडू न उचलता भारताचा नकाशा काढायचे. काश्मीरपासून निघायचे, कच्छला वळसा घालायचे, खाली कन्याकुमारीला टेकायचे आणि वर बंगालकडे जायचे. पोरं श्वास रोखून बघायची म्हणे. मी तो फळ्यावरचा नकाशा एकदाच पाहिला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले होते तेव्हा. पण घरचे नकाशे मी रोज पाहिले. आमच्या घराला पूर्वेकडे एक काचेची खिडकी आहे. रविवारी सकाळी ऊन काचेवर आलं की अण्णा पुस्तकातला नकाशा काचेला लावायचे आणि त्यावर पातळ कागद. दोन्ही कोपरे दाबून धरायचं काम माझं. “हलवू नको हं, बाई.” ते पेन्सिलीनं नदी काढत खाली यायचे आणि मी पायाच्या अंगठ्यावर उभी, दंड भरून आलेले. एकदा मला शिंक आली, कागद सरकला आणि तापीला दोन पात्रं झाली. मी रडकुंडीला आले. अण्णा कागदाकडे बघून म्हणाले, “पूर आलेला दिसतो,” आणि दुसरा कागद घेतला.

तर ओट्यावरचा फोटो. मला आधी वाटलं, काच मळली असेल. पदरानं पुसली. मग वाटलं, चेहरा सुंदर करायची सोय चालू असेल. ती शोधून बंद केली. सुरकुत्या थोड्या परत आल्या, पण डोक्यामागची कड आणि तो धुरकट हात तसाच. मग वाटलं, माझाच हात हलत असेल. दुसऱ्या रविवारी मी पिठाचा मोठा डबा ओट्याच्या कडेला ठेवला, त्यावर पुस्तकांची चळत, तिला फोन टेकवला आणि दहा सेकंदांचं टायमर लावलं. माय स्वयंपाकघरातून ओरडली, “पीठ कुठं नेलं वं? काय करून राहिली तू?”

“फोटो काढून राहिले, माय.”

“डब्याचा?”

अण्णांना मी हात बाहेर ठेवायला सांगितलं होतं, नुसतं बघायला, असं म्हणून. ते नाखुशीनं तयार झाले. फोटो निघाला. मागची भिंत, खुर्ची, चपला, सगळं रेखीव. फक्त हात तीन. फोन हलला नव्हता. हलत होतं ते फोनच्या समोर होतं.

मी ते अण्णांना सांगितलं नाही. दोन दिवसांनी कचेरीतून येताना शनवाऱ्यात मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. “फोन खराब नाही, मॅडम. एचडीआर ऑटो पे है.” मग त्यानं काउंटरवर कागदाचे तीन कपटे एकावर एक ठेवून समजावलं. समोर कडक ऊन आणि जवळ सावली असली की फोन आपल्या मनानं एकामागोमाग तीन-चार फोटो काढतो. एक काळसर, म्हणजे उन्हाचा भाग पांढरा पडत नाही. एक उजळ, म्हणजे सावलीतला माणूस दिसतो. एक मधला. मग सगळ्यांचं चांगलं-चांगलं घेऊन एक बनवतो. “लेकिन बीच में कोई हिल गया ना, तो गडबड. झाडाची पानं, लहान मूल, कुत्रं.” मी मान डोलावली. कोणाचा फोटो आहे ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सेटिंगमध्ये ते कुठं बंद करायचं तेवढं शिकून घेतलं.

तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं खरं सांगितलं. तीन फोटो, एकावर एक, मधे हललं की दुहेरी. लपवून काय करायचं?

अण्णांनी पेपर घडी करून ठेवला. “म्हणजे कागद सरकतो.”

“हो.”

“मग एकच कागद घे.”

“तेच करायचंय. पण मग मागचं ऊन पांढरं फटक पडेल. आणि सावलीत एकच फोटो काढला तर फोन सावकाश काढतो, तुमचा हात पुसटच येईल. उजेड भरपूर पाहिजे, सरळ तुमच्यावर.”

“मग गच्चीवर चल.”

इतक्या सहज ते म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. तेवढ्यावर मी उरलेलंही सांगून टाकलं. “अण्णा, त्यांना हातात खडू हवाय.”

माय दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, फळीवरची जुनी बरणी काढली, आणि खडूचा एक तुकडा आणून त्यांच्यासमोर पेपरवर ठेवला. “त्यांनी मागितलाय तर द्या,” म्हणाली. “त्यांनी सत्तावीस वर्षं पाहिलाय तुमचा हात. मी नाही का पाहत रोज?”

अण्णांनी खडू उचलला.

गच्चीवर दहाचं ऊन होतं. पाण्याच्या टाकीची चुना दिलेली भिंत त्यांच्या मागं. सूर्य समोरून, त्यामुळे अण्णांचे डोळे मिचमिचे व्हायला लागले. मग मायनं वाळत घातलेलं पांढरं धोतर ओढलं आणि सूर्याच्या आड दोन्ही हातांनी ताणून धरलं. उजेड तर राहिला, त्याचा चटका गेला. “लवकर काढ वं,” ती म्हणाली, “माझे हात भरून आले.” मी एचडीआर बंद केलं. फोनच्या पडद्यावर अण्णांच्या चेहऱ्याला बोट टेकवून उजेड धरला. ते उभे होते, उजवा हात छातीशी, त्यात खडू, आणि हात थरथरत होता. खडूचं टोक सदऱ्याच्या बटणावर टकटक वाजत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं.

मी बटण दाबून ठेवलं. फोननं भराभर वीसेक फोटो घेतले, पण प्रत्येक वेगळा, एकमेकांत न मिसळलेला.

जिन्याच्या सावलीत बसून आम्ही ते पाहिले. पहिल्या तीन-चारांत डोळे मिटलेले. एकात मायनं धरलेल्या धोतराचं टोक. मग एक आला. भिंत पांढरी पडली होती, वरचं आकाश तर नव्हतंच, नुसता कागद. पण अण्णा होते. कपाळाच्या आठ्या, कानावरचे केस, गळ्याजवळची सैल कातडी. आणि हात. एकच. नखं दिसत होती, शिरा दिसत होत्या, तर्जनी आणि अंगठ्याच्या मधे खडू धरलेला, तसाच, जसा मी लहानपणी पाहिला होता.

अण्णांनी फोन डाव्या हातात धरला होता. ते फोटोतला हात आणि मांडीवरचा हात, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते.

“उभा राहिला,” ते म्हणाले.

“काय?”

“हात. उभा राहिला बघ.” मायनं धोतराची घडी घालायला सुरुवात केली आणि चारदा घालून चारदा मोडली.

मी म्हणाले, “आकाश पांढरं पडलंय. मुलीला पाठवते, ती निळं करून देईल.”

“नको,” अण्णा म्हणाले. “आकाश धूलकोटला आहे भरपूर. हाच पाठव.”

महिनाभरानं तिकडून बोलावणं आलं. भाड्याची गाडी करून आम्ही तिघं गेलो. फोटो मोठा करून लाकडी चौकटीत बसवला होता, नव्या रंगाच्या भिंतीवर, पांढऱ्या बोर्डाच्या शेजारी. तिथं आता खडू नव्हताच, मार्करनं लिहितात. फोन करणारा तो माणूस दारात उभा होता, पांढऱ्या शर्टात, केस पिकलेला, हातात झेंडूचा मोठा हार. आम्ही आत गेलो तसा तो उत्साहानं पुढं झाला आणि हार फोटोला घालायला टाचा उंचावल्या.

“अरे अरे!” माय किंचाळली. “ओ भैया, जिंदा हैं वो! सामने खडे हैं!”

त्या माणसाचा चेहरा असा झाला की जणू गृहपाठ विसरून आलाय. मग अण्णा हसायला लागले. मी त्यांना तसं पोट धरून हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. “लाओ,” ते म्हणाले, “इधर डालो,” आणि त्यांनी मान पुढं केली. त्यानं हार त्यांच्या गळ्यात घातला आणि वाकून पाया पडला. उठताना त्यानं अण्णांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मी बघत होते. शाल गाडीतच राहिली होती. अण्णांनी हात ओढून घेतला नाही. तो हात त्या माणसाच्या ओंजळीत थरथरत राहिला आणि तो माणूस हाताकडे न बघता त्यांच्याकडे बघून बोलत राहिला.

“तू तिसऱ्या बाकावर बसायचास,” अण्णा हिंदीत म्हणाले. “नर्मदा नेहमी उलटी वाहवायचास, पूर्वेला.”

“जी सर,” तो म्हणाला, “आज भी डर लगता है.”

मग चहा आला. सगळ्यांनी कप घेतले. अण्णांनीही उजव्या हातानं घेतला. तोंडाशी नेईपर्यंत अर्धा बशीत सांडला. त्यांनी कप खाली ठेवला, बशी उचलली आणि सगळ्यांसमोर, सावकाश, ती रिकामी केली.