आईने सोडलेला भात

मला डायबेटिस निघाला तेव्हा रडायला मी हवा होतो, रडली आई. मी चाळिशीही गाठली नव्हती. आम्ही पनवेलजवळच्या करंजाड्याचे आगरी. शेतं गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि मी कळंबोलीच्या एका ऑफिसात खुर्चीला चिकटलो. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा. आईने तेवढंच ऐकलं. तिला वाटलं, लहानपणी "आजून घे, आजून घे" करत तिनेच मला हे दुखणं भरवलं.

दुसऱ्या दिवशी तिने देवीपुढे नारळ ठेवला आणि बोलून मोकळी झाली, "पोराचं दुखनं जाईपरत मी भाताला शिवनार नाय."

आगरी बाईने भात सोडायचा म्हणजे काय, हे बाहेरच्याला नाही कळायचं. भाताबरोबर तांदळाची भाकरीही गेली. मी भडकलो. "अगं, डायबेटिस जात नसतो! ताब्यात राहतो, बस. मरेपर्यंत नाचणी चावत बसणार आहेस?"

"देवीला बोललंय. आता शबुद मागं कसा घेऊ?"

झालं!

वर्षभर हेच. रविवारी जिताडा माशाचं कालवण व्हायचं. मला वाटीभर भात वाढायची आणि स्वतः नाचणीची भाकरी कालवणात बुडवायची. घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही असं लिहायला बरं वाटेल, पण खोटं कशाला बोलू, व्यवस्थित उतरायचा. त्याचीच जास्त लाज वाटायची.

त्या सुमारास पनवेलच्या एका दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम अभ्यास करत होत्या. जेवण पोटात गेलं की आतड्यांतून काही हार्मोन सुटतात आणि स्वादुपिंडाला निरोप देतात, साखर येतेय, इन्सुलिन सोड. ज्यांची साखर वाढलीय, ज्यांची वाढायला लागलीय आणि ज्यांची ठीक आहे, अशांत हा निरोप किती जोरात जातो ते त्यांना बघायचं होतं. शिवाय आगरी, कोळी, मुसलमान, घाटावरून आलेली नोकरदार मंडळी, यांच्यात काही फरक पडतो का, तेही. मी नाव दिलं. घरातलं साखर नसलेलं एखादं माणूसही आणा म्हणाल्या, म्हणून आईला नेलं. माझा डाव वेगळाच होता. दोष तिचा नाही हे डॉक्टरच्या तोंडून ऐकलं, तर नवस जरा सैल होईल.

सकाळी उपाशीपोटी शेजारीशेजारी बसलो. हातात सुया खोचल्या, पहिलं रक्त काढलं. मग ताटं आली. सगळ्यांना सारखंच, मापून. बटाट्याची भाजी, वरण आणि भाताची भलीमोठी मूद.

मी कपाळावर हात मारला. जेवायला काय देणार, हे विचारायचंच राहिलं होतं. "मॅडम, हिला भात चालत नाही. नवस आहे."

"सगळ्यांना तेच द्यावं लागतं, नाहीतर तुलना कशी करणार? पण जबरदस्ती नाही. नको असेल तर राहू द्या."

"चल आई, घरी जाऊ."

आई उठली नाही. तिने मॅडमना विचारलं, "मी खाल्ला त याला फायदा व्हईल?"

"लगेच नाही होणार, आजी. पण आम्हाला काहीतरी कळेल. पुढे कधीतरी होईल."

आईने डोळे मिटले, कानाच्या पाळ्यांना हात लावला. "आये, पोराच्याच पायी खातंय," एवढं देवीला पुटपुटली आणि भात कालवला.

काय सांगू कशी जेवली! मान वर केली नाही. ताटाला चिकटलेलं शीतन् शीत बोटाने टिपलं. मग तिची नजर माझ्या ताटातल्या भाताकडे गेली आणि चोरी पकडल्यासारखी चटकन वळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईला भाताची एवढी भूक होती, आणि मी वर्षभर तिच्यासमोर बसून जेवलो होतो.

काही आठवड्यांनी मॅडमनी दोघांना बोलावलं. कुठल्या समाजाचं कसं, ते इतक्यात सांगता येणार नाही म्हणाल्या. "पण तुमच्या आतड्यांचा निरोप फार क्षीण जातोय. आजींचा मात्र खणखणीत. या वयात साखरही छान आहे."

मला तर नाचावंसं वाटलं. बाहेर आल्या आल्या म्हणालो, "ऐकलंस? इतकी वर्षं एकाच पातेल्यातला भात खाल्ला आपण. भाताने होणार असतं तर आधी तुला झालं असतं! तुझी आतडी चांगली आहेत, आई. आज तुझ्यासाठीही भात टाक."

ती रिक्षात चढली. रिक्षा सुरू झाली तेव्हा पाहिलं, पदराने डोळे पुसत होती.

"आता काय झालं?"

"माजी चांगली हायेत," ती म्हणाली, "मंग तुला का नाय दिली मी?"

दुपारी तिने माझ्यापुढे वाटीभर भात ठेवला आणि स्वतःसाठी नाचणीचं पीठ मळायला घेतलं. मी वाटी बाजूला सारली.

"जेव," ती म्हणाली.

मी जेवलो.