बसायच्या जागेचा क्षय

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. म्हणाले, "छातीत जुना डाग आहे. तिथला क्षय गुदद्वारापर्यंत पोचलाय. हा साधा भगंदर नाही."

मला खोकला नव्हता की थुंकीतून रक्त. मी खेकसलो, "बसाच्या जागेले कुठं टीबी होते जी?" त्यांनी बायॉप्सीचा, म्हणजे कापून काढलेल्या मांसाच्या तपासणीचा, निकाल वाचून दाखवला. थोरला भाऊ शामराव दारात उभा होता. त्याने एवढ्यातून एकच शब्द उचलला, डाग.

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटी घडलं. एकोडी गावी आमची धानाची शेती. रोवणीत रोपं लावायला वाकलो असताना बसायच्या जागी गाठ ठणकू लागली. गावात त्या जागेच्या कुठल्याही दुखण्याला बवासीर, म्हणजे मूळव्याध, म्हणतात, लाजेने मीही तेच म्हणालो. मग शामराव आणि शेजाऱ्यांनी मला खाटेवर पालथं दाबलं आणि गावच्या जाणत्याने डाग द्यायला लालभडक विळा गाठीवर टेकवला. मांस चरचरलं. मी एकाच्या दंडाचा लचका तोडला. गाठ फुटली आणि पू वाहतच राहिला. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं, पण फिश्चुला, म्हणजे आतून बाहेर फुटलेली पुवाची वाट, पुन्हा उघडली. नागपूरला दुसऱ्यांदा कापलं, तेव्हा कुठे तुकडा तपासायला गेला.

औषधं सुरू झाली. गोळ्या आणि रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, तेही ढुंगणातच! देणाऱ्याचा गळा दाबावासा वाटायचा. डोकं गरगरायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड वर्ष पुरं व्हायच्या आत औषध सोडलंत तर वाचणार नाही.

पू लवकर आटेना. एका सकाळी पाहतो तर शामराव चुलीत विळा तापवून राहिला होता.

"डॉक्टरबी डागच म्हणे ना! आपण जागा चुकलो गा. छातीले देऊ. मंग इंजेक्शन कायले पायजे?"

त्याने बोलावलेल्या दोघा शेजाऱ्यांनी माझे हात पिरगाळले. शर्ट टरकावला. विळ्याची धग छातीला लागली तसा मी आईच्या नावाने बोंबललो.

माझी बायको शेवंता. थोरल्या दिरासमोर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. ती मुसळ घेऊन आली आणि तिने ते शामरावच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. विळा त्याच्याच पायावर पडला.

"डाग फोटोत हाये, भाऊजी! यायले औषध पुरं करू द्या, नाही त डोस्का फोडीन!"

प्लॅस्टर घालायला त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटोतला पांढरा ठिपका दाखवला. शामरावने तो बोट लावून पाहिला. "मले वाटलं..." एवढंच म्हणाला आणि रडला. मला त्याचा राग होता, तरी मी खांद्यावरचा पंचा त्याच्यापुढे धरला.

औषध पुरं झालं. जखम भरली. खोकला नसतानाही क्षय होतो, आणि ज्या जागेचं नाव घ्यायला जीभ अडखळते तिथेही होतो. ती डॉक्टरांना दाखवा. लाज काही मरत नाही, माणूस मरतो. मी शेवंताच्या त्या एका घावामुळे उरलो, हे मी भर चावडीवर सांगतो.

औषध संपलं त्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नाची पंगत पडली. दुखण्याच्या दिवसांत मला बसताच येत नव्हतं, म्हणून मी सवयीने भिंतीशी उभा राहिलो.

"बस ना गा," शामराव बाजूला सरकून म्हणाला.

मी मांडी घालून बसलो आणि वाढणारे दमेपर्यंत भात मागत राहिलो.