दिव्यांचा कॉम्प्युटर

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मी गेली नऊ वर्षं मशीनची ड्रॉइंगं करते. ट्रॅक्टरच्या मागं जोडायची अवजारं आम्ही बनवतो. त्यातलं सगळ्यात खपाचं म्हणजे पाचट कुट्टीचं मशीन. ऊस तुटून गेल्यावर रानात जे पाचट उरतं ते न जाळता जागेवरच बारीक करणारं. ते मशीन आधी मी कॉम्प्युटरवर उभं करते, पात्यापासून नट-बोल्टापर्यंत, आणि मग शेडमध्ये लोखंड कापलं जातं. मी रोज आष्ट्याहून स्कूटरवर येते. डिप्लोमा झालेली ड्रॉइंगवाली बाई म्हणून मला इथं सगळे ओळखतात, आणि ‘बाई’ हा शब्द त्यात जरा जोर देऊन म्हणतात.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तपासणी असते. सगळे भाग जोडून झाले, की कुठला भाग दुसऱ्यात घुसतोय का, फिरताना कुठं आपटतोय का, हे कॉम्प्युटर शोधतो आणि ती जागा लाल करून दाखवतो. पाचट कुट्टीचे भाग अकराशेच्या वर. माझा कॉम्प्युटर मी नोकरीला लागले त्याच्याही आधीचा. तपासणी लावली की त्याचा पंखा ग्राइंडरसारखा ओरडायचा, पाऊण तास जायचा, आणि शेवटी सॉफ्टवेअर आपोआप बंद पडायचं. केलेलं सगळं पाण्यात.

दोन वर्षं मी मालकांना सांगत होते. तोंडी सांगितलं, अर्ज लिहून दिला. एकदा तर त्यांना माझ्याच खुर्चीत बसवून तपासणी लावून दाखवली. दहा मिनिटांत ते उठले. “चालतंय की अजून. बंद पडल्यावर बघू.”

मग तो गुरुवार आला. बारा मशीनची मोठी ऑर्डर होती आणि पातं नव्या मापाचं होतं. मालक सकाळपासून माझ्या खुर्चीमागं उभे.

“प्लेटा आज कापायला गेल्या पायजेत.”

“सर, तपासणी पुरी झाली नाही. दोनदा बंद पडलं.”

“धा वेळा काढलंय तुमी हे मशीन. त्यात आणि काय तपासायचं?”

मी ड्रॉइंग पाठवलं. एवढी चूक माझी, ती मी नाकारत नाही. मी तेव्हा ठाम नाही म्हणायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात पहिलं मशीन जोडलं. आमचे फिटर जत तालुक्यातले, पन्नाशीच्या पुढचे. मी त्यांना मामा म्हणते, ते मला अक्का म्हणतात. त्यांनी पाती बसवलेला शाफ्ट हातानं फिरवला आणि टक्कन आवाज आला. पातं बाजूच्या प्लेटवरच्या बोल्टाला लागत होतं. नखाएवढाच फरक, पण चालू मशीनमध्ये तेवढ्यानं पातं तुटून माणसाच्या अंगावर जाईल. बाराच्या बारा मशीनच्या प्लेटा भंगारात.

मालक शेडमध्ये आले. वेल्डर, टर्नर, रंगवाले, सगळे काम थांबवून बघत होते. त्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, “लोक सांगत व्हते, बाईमाणसाला मशीनमधलं कळत न्हाई. मी ऐकलं न्हाई, माझं चुकलं.”

कानशिलं तापली माझी. नऊ वर्षांत किती मशीनं माझ्या ड्रॉइंगवर गेली, त्यातली किती परत आली, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तपासणीशिवाय पाठवा म्हणून मागं कोण उभं होतं तेही ठाऊक होतं. वेल्डर, टर्नर आपापल्या कामाकडं वळले. मामांनी तेवढं हातातला पाना फरशीवर जोरात टाकला आणि बाहेर गेले.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा ठरला तो मात्र या प्रकरणामुळं नाही. एक मोठं गिऱ्हाईक ड्रॉइंग बघायला आलं होतं. त्यांच्यासमोर माझा पडदा गोठला, आणि ते दोनदा जांभई देऊन चहा न घेताच उठले. माझ्या दोन वर्षांच्या सांगण्यानं जे झालं नाही ते त्या दोन जांभयांनी झालं.

मी आठवडाभर तयारी केली. पुण्यात माझ्याच कामात असलेल्या मैत्रिणीला रोज फोन, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी दिलेली यादी वाचणं, काय लागतं आणि काय लागत नाही याचा शोध. शेवटी एका कागदावर चार ओळी लिहिल्या. प्रोसेसर वेगवान हवा, कारण आमच्या सॉफ्टवेअरचं बरंचसं काम एका वेळी एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच भागावर चालतं, नुसते कोअर वाढवून उपयोग नाही. रॅम चौसष्ट जीबी. ग्राफिक्स कार्ड डिझाईनच्या कामासाठीचं, गेमचं नको. आणि डिस्क चांगल्यातली. बाकी बाहेरचा डबा कसाही दिसू दे.

तो कागद घेऊन मी मालकांबरोबर सांगलीतल्या एका मोठ्या दुकानात गेले. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर रंगीत दिवे लावलेले डबे. दुकानदारानं मालकांना खुर्ची दिली. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर खोकी ठेवली होती. मी उभी राहिले.

“बोला शेठ, काय दाखवू?”

मालकांनी माझ्याकडं बोट केलं. “ह्यांच्यासाठी पायजे.”

“मॅडमना टायपिंगला? मग साधाच घ्या की.”

मी कागद पुढं केला आणि चारी ओळी वाचून दाखवल्या. तो ऐकून घेताना मालकांकडंच बघत होता, जणू मी त्यांचा निरोप सांगतेय. मग त्यानं कागद घेतला, घडी केली आणि चहाच्या कपाखाली ठेवला.

“मॅडम, इंटरनेटवर काहीही लिहिलेलं असतं. एवढं खोलात नका जाऊ. शेठ, हे बघा, आत्ताच आलंय. कसलीबी गेम पळती ह्याच्यावर. तुमचं ड्रॉइंग म्हणजे किरकोळ.”

“मला गेम खेळायची नाही,” मी म्हणाले. “यात रॅम किती आहे? कार्ड कुठलं आहे?”

“भरपूर आहे,” तो मालकांना म्हणाला.

डबा काचेचा होता. आत तीन पंखे, एक निळा, एक जांभळा, एक हिरवा. बटण दाबलं की रंग बदलायचे. मालकांनी ते बटण चार वेळा दाबलं. मी त्यांना बाजूला बोलावून सांगितलं की हा आपल्या कामाचा नाही. ते म्हणाले, “आवं, मोठं दुकान हाय. रोज शंभर मशीनं विकतोय तो. तुमास्नी त्याच्यापेक्षा जास्त कळतंय व्हय?”

आमच्या सॉफ्टवेअरपुरतं मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण हे बोलायची सोय नव्हती. बाई असं बोलली की तिला गर्विष्ठ म्हणतात. पुरुष बोलला की त्याला जाणकार म्हणतात.

तोच डबा कारखान्यात आला. नारळ फुटला, काचेवर कुंकवाचं बोट उमटलं, पेढे वाटले गेले. मी सॉफ्टवेअर घातलं आणि पाचट कुट्टी उघडली. मशीन फिरवून बघायला गेले तर पडद्यावर काळे त्रिकोण पसरले. तपासणी लावली. वीस मिनिटांनी सॉफ्टवेअर बंद. आतली माहिती उघडून बघितली तर रॅम सोळा आणि कार्ड गेमचं, तेही दोन पिढ्या जुनं. पंखे मात्र छान रंग बदलत होते.

मालक म्हणाले, “नव्या मशीनवर पण तेच हुतंय म्हंजे तुमच्या ड्रॉइंगमध्येच खोट असंल.”

दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, “सॉफ्टवेअर चोरीचं असेल मॅडम. तसं होतं मग.”

इथं माझा तोल गेला. आमचं लायसन्स रीतसर घेतलेलं आहे. दर वर्षी त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मी स्वतः भरते. माझं न ऐकता चुकीचं मशीन माझ्या गळ्यात मारायचं, ते चाललं नाही की आधी माझं काम खोटं ठरवायचं आणि वरून मला चोर म्हणायचं! फोन मी आदळूनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी मामांना म्हणाले, “मामा, कारखान्याचा टेम्पो काढता का? सांगलीला जायचंय.”

“मालकास्नी सांगितलं?”

“सांगितलंय. ‘तुमीच निस्तरा’ म्हणाले.”

मामांनी हात पुसले. काचेचा डबा गोणपाटात गुंडाळून मागं ठेवला आणि गाडी काढली. मी एका डिस्कवर सॉफ्टवेअर आणि माझी फाईल घेतली होती. आमचं लायसन्स एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर लावता येतं, तेही करून ठेवलं.

मामांनी डबा दुकानात आणून ठेवला. दुकानदारानं मला बघितलं आणि माझ्या मागं नजर टाकली. “शेठ नाही आले?”

“नाही. मी आलेय.”

“मग त्यांना पाठवा. मी त्यांच्याशी बोलतो.”

“त्यांना यातलं काही माहीत नाही. बोलायचं तर माझ्याशी बोला. मागं कामासाठीचं साधं काळं मशीन दिसतंय, कागदावर लिहिलं होतं तसलं. त्यावर माझी फाईल उघडून बघू द्या. आणि मग तीच फाईल या काचेच्या डब्यावर.”

“तसं करता येत नाही.”

“मग करता येईपर्यंत मी बसते.”

मी खुर्चीवरची खोकी उचलून खाली ठेवली आणि बसले. गिऱ्हाइकं येत होती. प्रत्येकाला मी विचारायची, “कशासाठी घेताय? आतलं काय आहे ते विचारलंत का?” तिसऱ्या गिऱ्हाइकाला विचारलं आणि दुकानदाराचा चेहरा बदलला. मामा दाराजवळ उकिडवे बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “आवं, ती काय मागती? एक फाईल उघडायची हाय. उघडून दावा की. न्हाईतर आमी हितंच जेवतो, डबा आणलाय.”

काळं मशीन मांडलं गेलं. सॉफ्टवेअर घालण्यात तास गेला. दुकानदार येरझाऱ्या घालत होता. मी फाईल उघडली आणि मशीन फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं, एक रेघही तुटली नाही. मग तपासणी लावली. पंख्याचा आवाजसुद्धा वाढला नाही. सहा मिनिटांत पडद्यावर तीन जागा लाल झाल्या.

मामा उठून जवळ आले. पहिल्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. “ह्योच बोल्ट. ह्योच टक वाजला.”

“होय मामा. आणि ह्या दोन अजून आहेत. त्या कुणाला माहीतच नाहीत.”

त्यातली एक जागा पट्ट्याच्या झाकणापाशी होती. मशीन रानात गेल्यावर ते झाकण कुणाच्या तरी हाताजवळ फुटलं असतं. ती बघून माझा राग जरा वेळ गेलाच.

पडद्याचा फोटो मी मालकांना पाठवला. अर्ध्या तासात ते आले. पडद्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण तोंडून निघालं ते असं:

“मग आधी सांगायचं न्हाई का?”

दोन वर्षं! दोन वर्षं मी वेगळं काय करत होते? दुकानात सगळ्यांसमोर मी मोठ्यानं म्हणाले, “सर, मी सांगत होते. तुम्ही ऐकत नव्हता. या माणसानंही ऐकलं नाही. तुम्ही एकदा माझ्याकडं बघून ऐकलं असतं तर प्लेटा वाया गेल्या नसत्या, आणि यानं ऐकलं असतं तर आजची ही खेप पडली नसती.”

काचेचा डबा दुकानातच राहिला, काळं मशीन टेम्पोत चढलं. दुकानदारानं शेवटपर्यंत चूक मान्य केली नाही. ‘गैरसमज झाला’ म्हणाला. समज कुणाची आणि गैर कुणाचं, हे मी विचारलं तेव्हा तो फोनवर बोलायला आत गेला.

कारखान्यात आल्यावर मी काळं मशीन टेबलावर जोडलं, पण चालू केलं नाही. मालकांच्या केबिनमध्ये गेले. “त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांसमोर जे बोललात, त्याचं खरं काय ते तिथंच सांगा. मग काम सुरू करते.”

“जाऊ द्या हो. डोसक्यात राख घालू नका.”

“राख तुम्ही घातलीत, सर. मी फक्त झटकायला सांगतेय.”

दीड दिवस मी हातानं कागदावर रेघा मारत बसले. घरी आई म्हणाली, एवढं ताणू नको, नोकरी जाईल. मलाही धास्ती होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मालक शेडमध्ये आले, वेल्डिंग थांबवायला लावलं आणि जमिनीकडं बघत म्हणाले, “त्या प्लेटांचं... मॅडमची चूक नव्हती. कॉम्प्युटर कमी पडत व्हता. आणि घाई मी केली. चला, कामाला लागा.” वाक्य संपायच्या आत त्यांनी पाठ फिरवली होती. टर्नर हसला. मामांनी माझ्याकडं बघून नुसती मान डोलावली. मी वरच्या ऑफिसात गेले आणि काळ्या मशीनचं बटण दाबलं.

बारा मशीनं गेली. एकही परत आलं नाही.

आता गिऱ्हाइकं आली की मालक त्यांना माझ्या टेबलापाशी घेऊन येतात. पाचट कुट्टी पडद्यावर गरगर फिरते, पाती उघडतात, मिटतात. पाहुणे खूश होतात. परवा इस्लामपूरकडचे एक बागायतदार म्हणाले, “लय भारी कॉम्प्युटर हाय की ओ ह्यो. कुणी सुचवला?”

मालक छाती पुढं काढून म्हणाले, “लय शोधलं बघा. सगळी सांगली पालथी घातली मी.”

मी खुर्ची फिरवली. “मी निवडलाय,” म्हणाले. “काय काय लागतं ते हवं असेल तर लिहून देते.” बागायतदारांनी आधी मालकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि खिशातून पेन काढून माझ्यापुढं धरलं. मालक चहा सांगायला बाहेर गेले.