आधी हात वर

बाई फोन कानाला लावला की डोळे मिटून घ्यायच्या. पलीकडचा माणूस घाईघाईनं सांगत असायचा, कीबोर्ड बिघडलाय, सर्व्हर गेलाय, आता कसं व्हायचं. आणि बाई खुर्चीत मागं रेलून लांबचं भजन ऐकावं तशा ऐकत राहायच्या. त्याचा दम संपला की हळूच म्हणायच्या, "आधी हात वर." नवख्याला वाटायचं, बाई चेष्टा करतात. "कीबोर्डवरून उचला आणि मांडीवर ठेवा. मग बोलू." यात चेष्टा अजिबात नसायची.

श्रीरामपुरात कापसाच्या एका गोदामावर त्यांची खोली होती. पूर्वी तिथं टायपिंगचे वर्ग चालायचे, आणि मी पुणतांब्याहून एसटीनं त्या वर्गाला यायचे. टाइपरायटर गेले, संगणक आले, तशा बाईही बदलल्या. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचे संगणक सांभाळायचं काम त्यांनी घेतलं आणि मला हाताशी ठेवलं. केंद्रावरचा माणूस काळ्या पडद्यावर अक्षरं टाईप करायचा आणि काम व्हायचं दूर कुठल्या तरी सर्व्हरवर. मधल्या वाटेत अक्षरं रुसायची, चुकायची, थिजायची. त्यांची समजूत काढणं हा आमचा धंदा. उघड्या खिडकीतून कापसाचे तंतू उन्हात तरंगत आत यायचे, वाऱ्यावर साखर कारखान्याच्या मळीचा वास यायचा, मनमाडकडची गाडी शिट्टी देऊन जायची. त्या खोलीतली दुपार कधी संपलीच नाही, असं मला अजूनही वाटतं.

बाईंचा प्रश्न ठरलेला. "बोटात, वाटेत, की पलीकडं?" आधी तेच अक्षर इथल्याच मशीनवर साध्या कोऱ्या पानावर टाईप करून बघायचं. तिथं नीट उमटलं तर बोट निर्दोष सुटलं. मग वाट तपासायची, मग पलीकडचं टोक. ही पायरी सोडून कुणी एकदम सर्व्हरवर खापर फोडलं की बाई कपाळाला हात लावायच्या. "अगं, पाहुणा घरातून निघालाच नाही, आणि तू स्टेशनवर शोधतेस!"

एकदा खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी काष्टीच्या केंद्रावरून फोन आला. केंद्र चालवणारे दादा पार घाबरले होते.

"बाई, सर्व्हर येडा झालाय! मी कायबी न दाबता जे जे जे जे असं लिवीत सुटलाय. आख्खा पडदा भरला हो!"

"हात वर, दादा."

"वरच हायेत की! त्योच लिवतोय!"

बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "काल कीबोर्डाची पूजा केलीत का?"

"व्हय. हत्यारच की ते आमचं. हळद-कुंकू लावलं, झेंडूबी वाहिला."

"मग बोटातच अडलंय. जे बटणाखाली बघा."

पलीकडं बटण उचकटल्याचा आवाज, मग हसू. "पाकळी हाय वो!"

बाई चर्चला जाणाऱ्या. पण झेंडू कुठं कुठं शिरतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढं दरवर्षी त्या काष्टीला आधीच फोन करून सांगायच्या, फूल शेजारी ठेवा.

माझी फजिती वेगळी होती. काम सेव्ह करायला कंट्रोल आणि एस दाबायची मला सवय. त्या काळ्या पडद्याला मात्र त्याचा अर्थ 'थांब' असा कळतो. पडदा थिजला. मी दाबलं, पुन्हा दाबलं, मग अक्षरशः बडवायला लागले. बाईंनी माझे दोन्ही हात उचलून माझ्या मांडीवर ठेवले आणि कंट्रोल-क्यू दाबलं. त्याबरोबर मी बडवलेली सगळी अक्षरं धो धो पडद्यावर आली. मला लाजही वाटली आणि हसूही आलं. बाई म्हणाल्या, "पडदा गप्प होता, मेला नव्हता. तुझं सगळं तिकडं पोचत होतं. दिसत नाही म्हणून पोचत नाही, असं नसतं गं." आणि त्या चहा सांगायला खाली गेल्या.

गेल्या वर्षी बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची लेक शीला दारातच म्हणाली, "ताई, आईला काही कळत नाही आता. डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. मी बोलायचंच सोडून दिलंय." तिचे डोळे सुजले होते. आईशी बोलावं आणि समोरून काहीच येऊ नये, हे तिला सोसवत नव्हतं.

बाई छताकडं बघत पडल्या होत्या. मी पलंगाच्या कडेला बसले. "बाई, मी आले. ओळखलंत का?" काही नाही. "बाई, मी! पुणतांब्याची!" त्यांचा खांदा हलवला, आवाज चढवला. तेच, पुन्हा तेच. माझाच धीर सुटत चालला होता.

तेव्हा चादरीवरून त्यांचा डावा हात उचलला गेला. वीतभर वर, तळवा माझ्याकडं, आणि तिथंच थांबला.

"पाणी हवंय वाटतं," शीला उठली.

"नाही गं," मी म्हणाले, "मला गप्प बसायला सांगताहेत."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि थांबले. बाहेर गाडीची शिट्टी झाली. खिडकीतलं ऊन हळूहळू पलंगावर सरकलं. बाईंचा हात खाली आला आणि बोटं चादरीवर हलायला लागली. आधी करंगळी, मग तिच्याशेजारचं, मग मधलं, मग तर्जनी. पुन्हा करंगळीपासून. टायपिंगच्या वर्गातला डाव्या हाताचा पहिला धडा. मी पहिल्या दिवशी तो इतका चुकवला होता की बाईंनी माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून गिरवून घेतला होता. मला रडू फुटलं. त्यांनी मला ओळखलं होतं.

शीला बघत राहिली, मग खाली बसली. "आई," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं सगळं सांगायला लागली.

बाई त्यानंतर कापूस फुटेपर्यंत होत्या. मी जाईन तेव्हा शीला पलंगाशी दिसायची. शेजारपाजारचं, बाजारातलं, स्वतःच्या मनातलं, सारं आईला सांगायची. सांगून झालं की हात मांडीवर ठेवायची आणि वाट बघायची.