सूचक त्यांचा, अनुमोदक मी

गेल्या वर्षी उन्हाळ्यात संसदेत देशाच्या अर्थसंकल्पावर मतदान चाललं होतं आणि आम्ही दोघी जावा एकाच टीव्हीसमोर शेंगा फोडत बसलो होतो. एक खासदार तावातावाने बोलले आणि सभागृहातून निघून गेले. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "यांच्या भागातला बी एखादा रस्ता आसंल की त्यात. तरी नाय म्हनून निघालेच."

"आक्का, विरोधकांचं कामच हाय ते," मी म्हणाले.

"काम कसलं? पोटदुखी हाय."

मला ते लागलं, कारण गावात आक्का सरपंच आणि मी विरोधी पॅनेलची सदस्य. अंगण एक, दारं समोरासमोर. आणि पोटदुखीचं म्हणाल तर ती मला लग्न होऊन आले तेव्हापासूनच आहे. त्यांच्या मासवडीच्या वड्या आखल्यासारख्या कापल्या जातात, माझ्या मासवडीचा भुगा होतो. पाहुणे त्यांच्या दारात चपला काढतात. निरगुडसरहून माझी सख्खी आई येते, तीसुद्धा आधी चहाला त्यांच्याकडे टेकते. त्यात वाईट म्हणजे बाई चांगली आहे. वाईट असती तर मी सुखाने नावं ठेवली असती.

माझा वॉर्ड म्हणजे कालव्यापलीकडचा मळा. येडगाव धरणाचा कालवा मध्ये, त्यावर अरुंद पूल, त्याला कठडा नाही, आणि अंगणवाडी अलीकडे गावात. तीन-चार वर्षांची पोरं आयांचा पदर धरून तो पूल ओलांडतात. मळ्यातच एक खोली व्हावी म्हणून मी दोन वर्षं घरोघर सह्या घेत फिरले, तालुक्याला अर्ज दिले, एका म्हाताऱ्या बाबांना गोड बोलून जागाही मिळवली. दर वेळी अंदाजपत्रकात ती खोली मागे पडायची.

थंडीच्या सुरुवातीला आक्का माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "यंदा तुझी खोली धरते. पन अंदाजपत्रक एकमतानं होऊ दे. सूचक आमच्यातला, अनुमोदक तू."

आमच्याकडे ठराव एकाने मांडायचा आणि दुसऱ्याने त्याला दुजोरा द्यायचा, दोघांची नावं इतिवृत्तात लिहायची. बहुमत त्यांचंच होतं, माझ्यावाचून काही अडत नव्हतं. त्यांना फक्त गाव एक आहे हे दाखवायचं होतं. मी आमच्या पॅनेलप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, खोली पदरात पडतीय, हो म्हना. भांडायला बाकीचं वरीस हाय." मी हो म्हणून आले. सणावारी दोन्ही घरांचा स्वयंपाक एकत्र होतो, त्यात वीस वर्षं भाजी कोणती करायची ते आक्का ठरवतात आणि मी दुजोरा देते, मग हेही जड नव्हतं.

पण गावात गोष्ट लपते कुठे? बैठकीच्या आदल्या दुपारी मळ्यातल्या सात-आठ बायका अंगणात आल्या. माझ्या मतदार. मी पदर सावरून दारात उभी राहिले, आणि त्या आक्कांच्या दाराकडे वळल्या. खण, नारळ, तांदूळ घेऊन आल्या होत्या. खोली दिली म्हणून सरपंचबाईंची ओटी भरली. त्यातली एक मागे वळून मला म्हणाली, "या की ताई, तुमी बी कुंकू लावून घ्या." माझ्याच अंगणात मला आमंत्रण. नाकाला नुसत्या मिरच्या झोंबल्या. दोन वर्षं चपला मी झिजवल्या आणि आयत्या बिळावर नागोबा दुसराच.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाने अंदाजपत्रक वाचलं. मळ्यातील अंगणवाडीची नवीन खोली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांच्यातल्या एकाने सूचक म्हणून हात वर केला. ग्रामसेवकाने विचारलं, "अनुमोदक?" आक्कांनी माझ्याकडे बघून मान हलवली, स्वयंपाकात मीठ दे म्हणताना हलवतात तशीच.

"माझा विरोध आहे," मी म्हणाले.

दिल्लीतल्या त्या खासदारांच्या मागे पक्षाचा व्हीप असतो, त्यांना निदान तो दाखवता येतो. माझ्यामागे कुणीही नव्हतं. आमच्या पॅनेलचे तिघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग पॅनेल फुटलेलं दिसू नये म्हणून माझ्यापाठोपाठ त्यांनीही विरोध नोंदवला. समोरचा एक सदस्य चिडला. "मंग ती खोली बी कापा," तो म्हणाला.

"पोरं काय तिच्या पॅनेलची हायेत का? ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाल्या.

अंदाजपत्रक बहुमताने मंजूर झालं. आज कबूल करते, त्यांनी ती खोली कापावी असं मला मनापासून वाटत होतं. कापली असती तर मी मळ्यात ताठ मानेने फिरले असते, बघा तुमची सरपंचबाई, म्हणाले असते. पोरं पुलावरून जात राहिली असती, हा विचारही त्या क्षणी माझ्या मनाला शिवला नाही. संध्याकाळी आक्का नेहमीसारख्या विरजण मागायला आल्या, मी दिलं.

खोली झाली. उद्घाटनाला मी माहेरी निघून गेले. महिन्याभराने, सकाळी, कुणी नसेल अशा बेताने बघायला गेले, तर दारात पोराला सोडायला आलेली एक आई भेटली. माझ्या अर्जावर पहिली सही तिचीच होती. ती भांडली नाही, तिने हळूच विचारलं, "ताई, खोलीसाठी तुमीच हिंडला व्हता. मंग तुमीच नाय कशापायी म्हनलात?"

"पॅनेलचा निर्णय होता," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास बसला.